अहो, अपूर्णांक उघडतो आणि बंद होतो!

अहो, ऐका ना! हातातलं काम ठेवा बाजूला. गॅसवर चहा असेल तर बंद करून या. मला काहीतरी सापडलंय आणि ते कोणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही! घरच्यांना सांगून झालं. ते "बरं" म्हणाले आणि ताटं घे म्हणाले. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगून झालं, ते सुटे पैसे मागतात. आता तुम्हीच उरलात!

आधीच सांगते, मी तज्ज्ञ-बिज्ज्ञ कोणी नाही. घुग्घुसला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. आधार कार्ड, सातबारा, भरतीचे फॉर्म, वेकोलिच्या, म्हणजे कोळसा कंपनीच्या, क्वार्टरांतल्या पोरांच्या नोट्स, बस्स, एवढंच माझं वाचन. गणिताचं आणि माझं दहावीपासून बोलणं बंद आहे. आणि ब्रेल? नागपूरला एका लिफ्टच्या बटणांवर ठिपके पाहिले होते, तेवढंच!

तर झालं असं. दिवाळीची सुट्टी. शेजारचे आबाजी दुकानात आले, हातात जाड पिवळसर कागद. म्हणाले, "बाई, याच्या दोन झेरॉक्स मारून द्या जी. नातीचं गणित आहे." मी घेतला, काचेवर पालथा घातला, बटण दाबलं. बाहेर काय आलं? कोरा कागद! मी डार्क वाढवलं. पुन्हा कोरा! अजून डार्क केलं, आणि मग धुरकट राखाडी डाग आले, आणि मग मी टोनरला शिव्या घालायला सुरुवात केली, आणि मग दारातून एकदम खळखळून हसणं ऐकू आलं. नातच होती. तिला दिसत नाही. नववीत आहे, बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकते. म्हणाली, "काकू, त्यात शाईच नाही ना जी!"

शाईच नाही! नुसते उंचवटे! मी बोट फिरवलं तेव्हा कुठं कळलं! आणि मग तिनं सांगितलं की ब्रेलची नक्कल काढायची तर वेगळं मशीन लागतं. मूळ कागदावर प्लास्टिकचा पातळ पत्रा ठेवायचा, तो तापवायचा, खालून हवा ओढून घ्यायची, आणि मग तो मऊ पत्रा ठिपक्यांवर घट्ट बसतो आणि गार झाला की ठिपके त्याच्यावर उमटलेले! थर्मोफॉर्म म्हणतात त्याला. इतकी वर्षं नकला काढून पोट भरतेय आणि हे नावसुद्धा ऐकलं नव्हतं!

बरं, आता तुम्हालाही कामाला लावते. घरात जुनी लग्नपत्रिका असेलच, जाड कागदाची. ती घ्या. शाई संपलेलं बॉलपेन घ्या. खाली जुना पेपर ठेवा. आता पत्रिकेच्या मागच्या बाजूनं दाबा, टोच्! उलटी करा. लागला ठिपका? तर असे सहा ठिपके. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन. डावीकडे वरून खाली १, २, ३. उजवीकडे ४, ५, ६. सहाच! बोटाच्या टोकाखाली एका वेळी मावतात एवढेच. लुई ब्रेलनं पहिल्यांदा हात घातला तो शार्ल बार्बिये नावाच्या फ्रेंच माणसाच्या बारा ठिपक्यांच्या लिपीत, आणि ते बारा बोटाखाली मावत नव्हते, म्हणून त्यानं सहा केले आणि १८२९ मध्ये पुस्तक छापलं. वीस वर्षांचा होता हो! वीस!

सहा ठिपके कुठे द्यायचे, कुठे नाही, याचे एकूण ६३ आकार होतात. आणि त्या ६३मध्ये आपली सगळी बाराखडी बसते! भारतातल्या भाषांसाठी पूर्वी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या होत्या. १९५१ मध्ये सगळ्यांसाठी मिळून एक भारती ब्रेल ठरली, मराठीही तिच्यातच. ठीक आहे. पण मग आकडे कुठून आणायचे? जागाच उरली नाही की!

आकडे अक्षरांकडूनच उसने घेतलेत! आधी एक चिन्ह द्यायचं, ठिपके ३, ४, ५, ६. त्याला अंकचिन्ह म्हणतात. ते आलं की बोटानं समजायचं, आता पुढं अक्षर नाही, आकडा. मग अ म्हणजे १, ब म्हणजे २, च म्हणजे ३, द म्हणजे ४! अ-ब-च-द! मी आनंदानं ओरडलेच, आणि मग आम्ही दोघींनी घुग्घुसचा पिनकोड लिहिला, ४४२५०५, आणि तो झाला अंकचिन्ह आणि पुढे द-द-ब-ए-ज-ए! ददबएजए! मी गेले कित्येक दिवस कुरिअरवाल्याला पाहिलं की मनात ददबएजए म्हणते.

आणि हे लिहायचं कसं? पाटीच्या खाचांत कागद अडकवून, टोच्यानं, उजवीकडून डावीकडे! कारण टोचता मागच्या बाजूनं, वाचता पुढच्या बाजूनं. म्हणजे प्रत्येक अक्षर आरशातलं लिहायचं. ती हे गप्पा मारत मारत करते, टक् टक् टक् टक्, आणि मला एक अ नीट काढता येईना. काढला तर तो एकुलता एक ठिपकाच ना, तरी चुकीच्या रांगेत!

पण थांबा. इथं मला एक शंका आली. (मला! गणितात शंका! माझ्या जुन्या मास्तरांना कोणीतरी कळवा.) टोचताना ठिपके कागदाच्या पलीकडे जातात. म्हणजे आपण काय लिहिलं ते लिहिता लिहिता हाताला लागतच नाही. मग सत्तावीस अधिक अठ्ठेचाळीस कसे करणार? आपण वर बघतो, खाली बघतो, हातचा डोक्यावर मांडतो. तिनं प्रत्येक वेळी कागद काढून, उलटवून, चाचपून, पुन्हा अडकवायचा?

"नाही जी," म्हणाली, आणि घरी पळत जाऊन एक पाटी घेऊन आली.

टेलर पाटी! अहो, ही पाटी! हिच्यासाठीच मी हा सगळा खटाटोप करतेय! ओळीनं भोकंच भोकं, आणि प्रत्येक भोक गोल नाही, चौकोनी नाही, आठ कोनांचं! आणि सोबत डबीभर बुटके, चौकोनी, धातूचे खिळे. ती त्यांना टाइप म्हणते. सगळे खिळे एकसारखे! मी म्हटलं, यातला पाच कुठला? ती म्हणाली, कुठलाही! कारण खिळ्याच्या एका टोकाला एका कडेवर उंच रेघ आहे. भोक आठ कोनांचं, म्हणजे खिळा आठ दिशांना तोंड करून बसू शकतो. रेघ या दिशेला असली की हा आकडा, जरा फिरवली की पुढचा. असे एक ते आठ. आणि नऊ? खिळा उलटा करा! दुसऱ्या टोकाला रेघ नाही, दोन बारीक टोकं आहेत. त्यांच्याही आठ दिशा. तिथं नऊ, तिथं शून्य, आणि उरलेल्यांत अधिक-उण्याची वगैरे चिन्हं. आठ दुणे सोळा! एका खिळ्यात सोळा चिन्हं! एकच खिळा, फक्त फिरवायचा!

आणि मग तिनं २७ मांडले, त्याखाली ४८ मांडले, आणि घुग्घुसमध्ये सकाळी पुसलं तरी दुपारी कोळशाची पूड बसतेच म्हणून मध्येच पाटीवर फू करून फुंकर मारली, आणि मग डावं बोट सातावर ठेवून उजव्यानं आठ चाचपला, आणि मग खाली पाच बसवला, हातचा वर बसवला, आणि मग दोन, चार आणि तो एक असे बोटाखालून घेऊन सात बसवला. पंचाहत्तर! आणि चुकलं असतं तर? खोडरबर नाही, खाडाखोड नाही, खिळा उपसायचा आणि फिरवून पुन्हा बसवायचा! माझ्या वह्या आठवल्या मला, भोकं पडेपर्यंत खोडलेल्या.

ही पाटी काढली इंग्लंडमधल्या यॉर्क इथल्या अंधशाळेच्या विल्यम टेलर या पाद्र्यानं, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. पण त्याच्याही आधी, अहो, त्याच्याही शंभर वर्षं आधी, निकोलस साँडर्सन नावाचा एक माणूस होता! मी रात्री मोबाइलवर त्याच्याबद्दल वाचत बसले आणि दूध उतू गेलं. वर्षाचा असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हा ब्रेल नव्हती, काही नव्हतं. त्यानं स्वतःची पाटी केली. नऊ भोकांचा एक चौकोन म्हणजे एक आकडा. मधल्या भोकात मोठ्या डोक्याची टाचणी म्हणजे शून्य. मध्ये लहान डोक्याची टाचणी म्हणजे एक. मध्ये मोठी आणि भोवतीच्या आठ भोकांपैकी एकात लहान, म्हणजे दोन ते नऊ. बसलं की नाही बरोबर? भोवती आठ भोकं, दोन ते नऊ आठच आकडे! आणि हा माणूस १७११ मध्ये केंब्रिजमध्ये गणिताचा प्राध्यापक झाला, ल्युकेशियन म्हणतात त्या गादीवर, जिच्यावर त्याच्या आधी न्यूटन बसून गेला होता! आणि तिथं शिकवायचा काय? इतर गोष्टींबरोबर प्रकाश आणि रंग! न्यूटनचं प्रकाशशास्त्र! डोळसांना! मी आबाजींना हे सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मंग आमच्या पोरीले बीजगणित काऊन नाही जमणार?"

बीजगणित! तिथं तर खरी गंमत आहे. चला, चला, जवळ सरका.

मघाशी म्हटलं ना की आकडे अक्षरांकडून उसने घेतलेत? हिशेबापुरतं ते ठीक आहे. पण बीजगणितात आकडा आणि अक्षर एकमेकांना चिकटून येतात. दोन बी. अंकचिन्ह, मग २, मग बी. पण बी हे अक्षर आणि २ हा आकडा यांचे ठिपके तेच! बोट वाचणार बावीस! गेलं सगळं गणित खड्ड्यात!

यावर एका माणसानं जे केलं ते ऐकून मी टाळी वाजवली, गिऱ्हाईक समोर असताना. एब्राहम नेमेथ. १९१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जन्मला, जन्मापासून दृष्टी नाही. गणिताचं वेड. सल्ला देणाऱ्यांनी सांगितलं, आंधळ्यानं गणित करून काय होणार, मानसशास्त्र घे. त्यानं घेतलं बिचाऱ्यानं, कोलंबियातून पदवीही घेतली, आणि तरी नोकरी धड मिळेना, आणि मग बायको म्हणाली की बेकारच राहायचं असेल तर निदान आवडीचं शिकून बेकार राहा. (काय बाई असेल ती!) आणि मग तो गणित शिकला, पुढं डेट्रॉइटच्या विद्यापीठात वर्षानुवर्षं गणित शिकवत राहिला, आणि स्वतःच्या अभ्यासासाठी जे ठिपके त्यानं जुळवले होते ते १९५२ मध्ये नेमेथ संकेत म्हणून बाहेर आले. आपल्याकडची पोरंही गणितासाठी तेच शिकतात!

त्यानं केलं काय? आकडे खाली उतरवले! बस्स! अ-ब-च-द मधले हे दहा आकार फक्त वरचे चार ठिपके वापरतात, १, २, ४, ५. तोच आकार जसाच्या तसा एक पायरी खाली घ्यायचा, २, ३, ५, ६ मध्ये. अक्षर वर, आकडा खाली! आता दोन बी लिहा: अंकचिन्ह, खालचे दोन ठिपके, वरचे दोन ठिपके. भांडण मिटलं! आणि अंकचिन्ह पूर्ण उंचीचं आहे ना, त्यामुळं शेजारचे ठिपके वरचे की खालचे हे बोटाला लगेच कळतं. म्हणजे तिला कळतं. माझ्या बोटाला अजून सगळं सारखंच लागतं, गव्हात खडे चाचपावे तसं.

आणि वर्ग? आपण एक्सच्या डोक्यावर छोटा दोन काढतो. ठिपके छोटे-मोठे करता येत नाहीत. मग आधी ठिपके ४, ५ द्यायचे, म्हणजे "आता वर चढलो", मग दोन. आणि पुन्हा ओळीवर यायचं असलं की ठिपका ५, म्हणजे "उतरलो"!

आता ते, ज्याच्यासाठी मी तुम्हाला चहा बंद करायला लावला.

अपूर्णांक! आपण काय करतो? वर काहीतरी, मध्ये रेघ, खाली काहीतरी. डोळ्याला एका नजरेत दिसतं. बोटाला नजर नाही, बोटाला ओळ आहे. बोट डावीकडून उजवीकडे जातं. मग वर-खाली कसं सांगणार? तर अपूर्णांक उघडायचा! हो, उघडायचा! ठिपके १, ४, ५, ६ आले की अपूर्णांक सुरू. मग अंश. मग ३, ४, म्हणजे रेघ. मग छेद. मग ३, ४, ५, ६, ठिपके अंकचिन्हाचेच, पण इथं अर्थ अपूर्णांक बंद! आणि उघडायचं चिन्ह आणि बंद करायचं चिन्ह एकमेकांची वर-खाली उलटी आहेत! आणि अपूर्णांकाच्या पोटात अजून अपूर्णांक असला तर बाहेरच्याच्या प्रत्येक चिन्हाआधी ठिपका ६, म्हणजे बोटाला आधीच सूचना, सांभाळ, आत अजून एक आहे!

तुम्हाला वाटेल, एवढं काय त्यात. थांबा, तुमचीच परीक्षा घेते. मोठ्यानं म्हणा: एक्स अधिक एक छेद दोन. म्हटलं? आता एक्सची किंमत तीन. उत्तर काय? दोन म्हणालात? की साडेतीन? दोन्ही बरोबर! तीन आणि एक मिळून चार, छेद दोन, म्हणजे दोन. किंवा तीन, आणि वेगळा एक छेद दोन, म्हणजे साडेतीन! मी हे दुकानात दहावीच्या पोरांना विचारलं तर अर्धी भांडायला लागली. आणि ब्रेलमध्ये भांडणच नाही. अपूर्णांक एक्सच्या आधी उघडला की एकाच्या आधी उघडला, ते ठिपके स्पष्ट सांगतात!

म्हणूनच शिकवणाऱ्यांची पंचाईत होते, असं ती सांगते. फळ्यावर लिहून "हे याच्याखाली, ते तिकडं" म्हणणाऱ्या शिक्षकाचा तिला काडीचा उपयोग नाही. "अपूर्णांक सुरू, एक्स अधिक एक, छेद, दोन, अपूर्णांक संपला" असं म्हणणारा पाहिजे. नेमेथनं याचीही पद्धत बसवून ठेवली होती, कारण त्याला गणित वाचून दाखवणारी माणसं असंच गोंधळात टाकायची. आता मी तिला दुकानात बसून तिच्या बहिणीच्या पुस्तकातली उदाहरणं वाचून दाखवते, आणि "सुरू" म्हणायचं राहिलं की ती टोच्यानं टेबलावर ठोकते. भूमितीलाही माझी नेमणूक झालीय. पुठ्ठ्यावर फेविकॉलनं सुतळी चिकटवून काटकोन त्रिकोण केलाय, तिन्ही बाजूंवर चौरस, मोठ्या चौरसात साबुदाणे. तिच्या शाळेत रबराच्या पाटीवर प्लास्टिकचा कागद ठेवतात आणि पेननं रेघ ओढली की ती तिथंच उठून येते, पण घुग्घुसमध्ये सध्या सुतळीवर भागवतोय.

एक गोष्ट मात्र मनात खुपते, ती इथंच सांगून टाकते. दहावीला आपल्या बोर्डात दृष्टिबाधित मुलांना नेहमीच्या गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित घ्यायची सवलत आहे. ज्याला गरज आहे त्यानं जरूर घ्यावी, मी कोण बोलणारी, मला तर तेव्हा मिळाली असती तर मी नाचले असते! पण ही पोरगी? जिला अपूर्णांकाच्या पोटातला अपूर्णांक बोटावर वाचता येतो? तिला लोक सवलत आधी सांगतात आणि बीजगणित नंतर. पुढं विज्ञानाकडं जायचं तर मग दार बंद! तिला तिकडंच जायचंय. आबाजी म्हणतात, लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, पण लेखनिकाला "अपूर्णांक सुरू" कळलं पाहिजे ना! खरंच आहे. दुसऱ्याच्या हातानं गणित लिहायचं तर त्या हातालाही गणित आलं पाहिजे.

आणि हे सगळं काही लांब नव्हतं हो! आपल्याच जिल्ह्यात, वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात अंध मुलांची शाळा आहे. मी आनंदवनात जाऊन आलेय, भेटकार्डं घेऊन आलेय, त्या शाळेचं नावही ऐकलंय, आणि आत मुलं बोटांनी भागाकार करत असतील हे एकदाही डोक्यात आलं नाही! मराठीत २००८ पासून 'स्पर्शज्ञान' नावाचं ब्रेल पाक्षिक आहे, स्वागत थोरातांनी सुरू केलेलं, तेही मला आता कळतंय. आता काय, उठता-बसता ठिपकेच दिसतात! मेदूवड्याच्या चटणीतली मोहरीसुद्धा मी मोजते!

बरं, ती लग्नपत्रिका टाकून दिली नाही ना? घ्या परत हातात. पोरीनं तुमच्यासाठी एक उदाहरण दिलंय, मी तिला सांगितलं की मी लिहिणार आहे म्हणून. अकरा घरं आहेत, प्रत्येक घरात हे ठिपके:

१-४-५-६, मग २, मग ३-४, मग २-३, मग ३-४-५-६, मग ३-४-६, मग १-४-५-६, मग २, मग ३-४, मग २-५-६, मग ३-४-५-६.

मधलं ३-४-६ म्हणजे अधिक, तेवढं फुकट सांगते. आकडे खाली उतरवलेले आहेत आणि अपूर्णांकाच्या आत त्यांच्याआधी अंकचिन्ह नाही, विसरू नका. आणि मागून टोचणार असाल तर उजवीकडून सुरुवात! ती म्हणते, उत्तरही ठिपक्यांतच पाहिजे, अपूर्णांक नीट बंद केलेला, नाहीतर ती तपासणार नाही.